मामाच्या दुकानातला ‘मुस्तफा’: जुनं गेम मशीन घरी, कमी पैशांत कसं चालू केलं

या भागात आकडे आणि वायरींची नावं बरीच आहेत, म्हणून ऐकलेलं सगळं इथं लिहूनही ठेवतोय. बोललो तसंच आहे, फक्त माझे ‘म्हणजे’ आणि ‘बघा’ थोडे कमी केलेत.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी गेमचं दुकान बघितलेलंच नसणार. कपाटाएवढं उभं लाकडी मशीन, पोटात टीव्ही, समोर दांडी आणि बटणं. एक रुपया दिला की खेळ सुरू, आणि मागं चार पोरं ‘आता माझा नंबर’ म्हणत उभी. त्यातला आपल्याकडं सगळ्यात गाजलेला खेळ म्हणजे ‘मुस्तफा’. त्याचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. जपानच्या कॅपकॉम कंपनीनं तो १९९३ मध्ये काढला, मार्क शुल्त्झ या अमेरिकन चित्रकाराच्या कॉमिकवरून. खेळात निवडायला चार पात्रं, त्यातला टोपीवाला मुस्तफा कैरो. आपल्या पोरांनी अख्ख्या खेळालाच त्याचं नाव देऊन टाकलं.

आता गंमत बघा. हा खेळ तुम्हाला आज रीतसर विकत घ्यायचा म्हटलं तर मिळत नाही. कॅपकॉमनं २०१८ मध्ये आपल्या जुन्या मारामारीच्या सात खेळांचा एक संच काढला, त्यात हा नाही. कॉमिकचे हक्क वेगळ्याकडं, खेळाचे वेगळ्याकडं. सेगाच्या मशीनवर याच नावाचा एक खेळ आला होता, पण तो गाडी चालवत गोळ्या झाडायचा, पूर्ण वेगळा. दुकानातला मुस्तफा घरच्या कुठल्याही मशीनवर अधिकृतपणे कधी आलाच नाही. तो राहिला फक्त त्या लाकडी डब्यांत, आणि डबे भंगारात चाललेत.

माझा डबा गेवराईला मामाकडं होता. मामाचं स्टँडजवळ गेमचं दुकान होतं, साधारण १९९६ ते २००५. मग नेट कॅफे आले, मोबाइल आले, दुकान बंद पडलं. तीन मशीन भंगारात गेली, एक सरकीच्या पोत्यांमागं राहिलं. मी मागितलं तेव्हा मामा म्हणाला, “घेऊन जा भाचे, पण टेम्पोचं भाडं तुझं.” भाडं झालं नऊशे. उचलायला चार माणसं लागली. ट्यूबवाला टीव्ही पोटात असतो, ते वजन साधं नसतं.

कुणाकडून असं मशीन घ्यायचं असेल तर आधी मागची फळी काढून बॅटरीनं आत बघा. पहिली नजर पिक्चर ट्यूबच्या मानेवर. ट्यूबचा मागचा भाग बाटलीच्या गळ्यासारखा बारीक होत जातो, तो सगळ्यात नाजूक. त्या काचेच्या आत एक चकचकीत चंदेरी डाग दिसतो. डाग चंदेरी असेल तर ट्यूबमधली पोकळी शाबूत आहे. दुधासारखा पांढरा झाला असेल तर आत हवा गेली, ट्यूब संपली. मग भाव निम्मा करा नाहीतर सोडून द्या. दुसरी नजर खालच्या वीतभर लाकडावर, कारण वाळवी आणि ओल तिथनंच चढते. तिसरी हिरव्या बोर्डावर: उंदराचं मूत पडून तांब्याच्या रेघा हिरव्यागार झाल्या असतील तर तो भाग बहुतेक गेलेला असतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. घरी आणलं की प्लग लावायचा नाही. हात शिवशिवतात, मला मान्य आहे. पण जवळजवळ वीस वर्षं बंद असलेल्या मशीनला एकदम २३० व्होल्ट दिले तर जे चांगलं उरलंय तेही जातं. आतले कपॅसिटर, म्हणजे ती छोटी छोटी डबी, वर्षानुवर्षं पडून सुकतात. उंदरांनी वायरींची कातडी खाल्लेली असते. म्हणून आधी सगळं एकमेकांपासून सोडवायचं: पॉवर सप्लाय वेगळा, टीव्ही वेगळा, बोर्ड वेगळा. आणि एकेक तपासायचं.

पॉवर सप्लायपासून सुरुवात, कारण बाकीच्यांना तोच जगवतो नाहीतर मारतो. मशीनमधला सप्लाय ५ व्होल्ट, १२ व्होल्ट आणि उणे ५ व्होल्ट देतो. खेळाच्या बोर्डाचं पोट ५ व्होल्टवर चालतं. सप्लाय नुसता चालू करून मल्टिमीटर लावला तर आकडा खरा दिसेलच असं नाही, त्याच्यावर थोडा भार हवा. मी स्कूटरचा जुना बल्ब ५ व्होल्टच्या वायरींना जोडला आणि मोजलं. मीटरवर ६.३ आलं. तो सप्लाय तसाच बोर्डाला जोडला असता तर मुस्तफा तिथंच संपला असता. नवा सप्लाय साडेबाराशेला मागवला. कमी खर्चात करायचं म्हटलं तरी या एका वस्तूत कंजुषी करू नका. बाकी कशातही करा.

आता टीव्ही. इथं मी आवाज थोडा गंभीर केला होता, लिहितानाही तसाच वाचा. रंगीत ट्यूबला मागून वीस ते पंचवीस हजार व्होल्ट दिलेले असतात. प्लग काढला तरी हा दाब ट्यूबच्या काचेत साठून राहू शकतो, काही तास, कधी काही दिवस. शिवाय त्याच्या सर्किटमधल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या वर डीसी असतो, तो वेगळाच. व्हिडिओ बघून हे काम शिकायचं नाही. ज्यानं हजार टीव्ही उघडलेत त्याच्याकडं जायचं.

बीडला बशीरगंज भागात ट्यूबवाले टीव्ही दुरुस्त करणारे एक चाचा आहेत. वय ६३. दुकानाच्या पुढच्या अर्ध्यात त्यांचा मुलगा मोबाइलच्या काचा बदलतो, मागच्या अर्ध्यात चाचा, एक स्टूल, एक सोल्डरिंग आणि भिंतीला टांगलेली तीस वर्षांची सर्किटं. मी टीव्हीचा भाग डब्यासकट रिक्षात घालून नेला. पहिलं वाक्य ऐकलं ते हे: “बेटा, तू बघ सगळं, पण डावा हात खिशात ठेव.” त्यांनी स्वतःही एकच हात वापरला. दोन्ही हात आत असले आणि झटका बसला तर करंट एका हातातून दुसऱ्या हातात जाताना छातीतून जातो. एक हात खिशात असला तर तो रस्ताच बंद. ट्यूबचा साठलेला दाब त्यांनी ट्यूबच्याच बाहेरच्या जमिनीच्या तारेवर उतरवला, दोनदा, मध्ये थांबून. ‘टक्’ असा आवाज आला, वीस वर्षांनीसुद्धा. हो, आमच्या ट्यूबमध्ये तेव्हा दाब होता, कारण तासाभरापूर्वी त्यांनीच ती चालू करून बघितली होती.

चालू केल्यावर पडद्यावर काय दिसलं? मधोमध एक आडवी पांढरी रेघ. बाकी काळं. मी हिरमुसलो, चाचा खूश झाले. कारण रेघ दिसली म्हणजे ट्यूब चांगली, वरचा दाब चांगला, फक्त चित्र उभं ताणणारा भाग बसलाय. त्या भागाची एक आयसी आणि आजूबाजूचे सुकलेले कपॅसिटर बदलले, ईएचटीच्या पायांशी भेगाळलेलं सोल्डर पुन्हा वितळवलं. चित्र उघडलं, पण वरखाली थोडं कमी भरत होतं. याचं कारण मला तिथं कळलं: आपल्या टीव्हीचं चित्र सेकंदाला ५० वेळा येतं, या खेळाचं जवळजवळ ६० वेळा. चाचांनी मागची एक छोटी कळ फिरवून उंची भरली. सगळं मिळून त्यांनी साडेआठशे घेतले, त्यात साडेतीनशेचा माल होता. मी जास्त द्यायला गेलो तर म्हणाले, “दुकानात असा टीव्ही येऊन दोन वर्षं झाली. मलाच बरं वाटलं.”

कुणी म्हणेल, एवढं कशाला, ट्यूब काढ आणि कॉम्प्युटरचा जुना मॉनिटर बसव. करता येतं, पण थेट नाही. जुना खेळ चित्राच्या आडव्या रेघा सेकंदाला साधारण १५,७०० या वेगानं पाठवतो. कॉम्प्युटरच्या मॉनिटरला किमान ३१,५०० लागतात. मध्ये बदलणारं एक सर्किट घालावं लागतं, जीबीएस ८२०० नावाचं, ते दीड-दोन हजारांना पडतं. म्हणजे ट्यूब दुरुस्त करणं मला साधारण निम्म्यात पडलं. आणि खरं सांगू का, या खेळाचं चित्र फक्त ३८४ बाय २२४ ठिपक्यांचं आहे. सपाट मॉनिटरवर ते विटांच्या भिंतीसारखं दिसतं. ट्यूबवर ठिपके एकमेकांत थोडे मिसळतात आणि माणूस माणसासारखा दिसतो. काढणाऱ्यांनी ट्यूब समोर ठेवूनच काढलं होतं ते.

आता खेळाचा बोर्ड. इथं एक चांगली बातमी आहे, तिचं नाव जामा. जपानमधल्या मशीनवाल्यांच्या संघटनेनं १९८५ च्या सुमारास ठरवलं की सगळ्यांचे बोर्ड एकाच पद्धतीनं जोडायचे. बोर्डाच्या कडेला एका बाजूला २८ आणि दुसऱ्या बाजूला २८ अशा ५६ सोनेरी पट्ट्या, आणि कुठल्या पट्टीवर काय ते ठरलेलं: पॉवर कुठं, लाल-हिरवा-निळा रंग कुठं, स्पीकर कुठं, दांडी कुठं. म्हणूनच मामा एक खेळ काढून पाच मिनिटांत दुसरा लावू शकायचा. मशीन तेच, खेळाची फक्त कॅसेट बदलावी तसं. आणि म्हणूनच आज नेटवर जामाचा नकाशा काढला की गेवराईच्या सुतारानं वीस-पंचवीस वर्षांपूर्वी बांधलेल्या डब्यातली वायरसुद्धा ओळखता येते.

आमचा बोर्ड नकली आहे, हे सांगून टाकतो. कॅपकॉमचं नाव त्यावर कुठंच नाही. पण यात एक उलटी गोष्ट आहे. मूळ बोर्डावर एक छोटी बॅटरी असायची आणि तिच्या जोरावर आतल्या चिपमध्ये एक गुप्त किल्ली टिकून राहायची. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते, बोर्ड नीट चालत नाही, आणि नुसती नवी बॅटरी टाकून तो परत येत नाही. नकल करणाऱ्यांनी ती भानगडच काढून टाकली. म्हणून सरकीच्या पोत्यांमागं इतकी वर्षं पडून आमचा नकली बोर्ड जगला. आवाज मात्र मूळ खेळाइतका भारी नाही.

बोर्ड जिवंत आहे की मेलेला हे बघताना बरेच जण फसतात, कारण खराब पट्ट्या आणि मेलेला बोर्ड यांची लक्षणं सारखीच असतात: काळा पडदा, नाहीतर रंगीत कचरा. आधी पट्ट्या साध्या पांढऱ्या खोडरबरानं घासा, दोन्ही बाजू, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या कापसानं पुसा. सँडपेपर नको, वरचा पातळ मुलामा निघून जातो. आणि ५ व्होल्ट मोजायचे ते सप्लायपाशी नाही, बोर्डावर. आमच्याकडं सप्लायपाशी बरोबर ५.०० होते आणि बोर्डावर ४.६. मधले चार दशांश व्होल्ट जुन्या वायरीनं आणि गंजलेल्या कनेक्टरनं खाल्ले. जामाची नवी वायरींची जुडी बसवली, सप्लायवरचा छोटा स्क्रू किंचित फिरवून बोर्डावर ५.०५ आणले, आणि पडद्यावर गाडी धावत आली. घरातले सगळे जेवण सोडून उठले, एवढंच सांगतो.

दांड्या आणि बटणं सोपी. प्रत्येक बटणाखाली एक मायक्रोस्विच असतो, त्याला तीन पाय. आपल्याला दोनच लागतात: एक सामाईक आणि एक ‘दाबल्यावर जुळणारा’. सगळ्या स्विचचे सामाईक पाय एकाच वायरीनं माळेसारखे ओवून जमिनीला जोडायचे, दुसऱ्या पायातून प्रत्येकाची वेगळी वायर जामाकडं. मुस्तफाला मारणं आणि उडी अशी दोनच बटणं लागतात. मी तरी तीन-तीन ठेवली, पुढं दुसरा बोर्ड लावता यावा म्हणून. दोन दांड्या आणि दहा बटणं मिळून बाराशे दहा रुपये. मूळ दांडीचा लोखंडी गज चांगला होता, पण मामाच्या काळातल्या पोरांनी त्याच्यावर काढलेला राग बघता बदललेलाच बरा वाटला.

लाकडाचं काम मी सुताराला दिलं. खालची वीतभर वाळवीनं पोखरलेली फळी त्यानं सरळ रेषेत कापली, औषध मारलं, आणि त्याच्याकडच्याच उरलेल्या प्लायचा तुकडा आतून आधार देऊन जोडला. अख्खा डबा नवा बनवायला किमान दोन शीट प्लाय लागलं असतं. इथं एकोणीसशेत भागलं. जुना सनमाइका काढायचा असेल तर वर जुनं कापड ठेवून इस्त्री फिरवा, खालचा डिंक सैल होतो. वरच्या पट्टीवरचं नाव मात्र फ्लेक्सवर छापायचं नाही असं मी ठरवलं होतं. बीडमध्ये फ्लेक्सची कमतरता कधीच नसते, वाढदिवस रोजच कुणाचा तरी असतो. एक जुने पेंटर शोधले, पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायचे. पाचशे रुपयांत त्यांनी काचेच्या मागून उलटी अक्षरं काढून ‘मुस्तफा’ लिहिलं. मागं एलईडी पट्टी लावली की अक्षरं पेटतात.

एक गोष्ट लोक विसरतात, ती म्हणजे अर्थिंग. मशीनचं पैसे टाकायचं दार पत्र्याचं, सप्लायची पेटी पत्र्याची, आणि त्याला हात लावणार लहान पोरं, कधी अनवाणी, कधी ओल्या हातानं. तीन पिनांचा प्लग, जाड अर्थ वायर, आणि ती प्रत्येक धातूच्या भागाला घट्ट बोल्टनं. पण घराचं अर्थिंगच बसलेलं असेल तर याचा उपयोग शून्य. आपल्या भागात उन्हाळ्यात जमीन फुटते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि वीज जमिनीत उतरतच नाही. वायरमनकडून तपासून घ्या आणि मार्चपासून खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी टाका. पाणी टँकरचं असलं तरी टाका, आंघोळीचं चालतं. घराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असेल तर उत्तमच, तो गळती झाली की क्षणात लाइन तोडतो. आमच्या गल्लीत संध्याकाळी व्होल्टेज १८० पर्यंत उतरतं, म्हणून मशीन जुन्या फ्रिजच्या स्टॅबिलायझरवर आहे. साध्या स्वस्त इन्व्हर्टरवर मी ते चालवत नाही; त्याची वीज गुळगुळीत नसते, जुन्या टीव्हीला ती सोसत नाही.

एकूण खर्च ९,१२० रुपये, टेम्पोसकट. यात माझे सात रविवार धरलेले नाहीत.

ज्यांच्याकडं डबा आहे पण बोर्ड नाही, त्यांना बाजारात हजार खेळांचे चिनी बोर्ड तीन-चार हजारांत मिळतात आणि जामालाच जुळतात. काम करतात. पण त्यातले खेळ कुणाची परवानगी न घेता भरलेले असतात, आणि या खेळांचा कॉपीराइट अजून चालू आहे, हे माहीत असू द्या. आमचा नकली बोर्डही त्याच माळेतला, तेव्हा मी काही सोवळ्यात नाही. दुकान थाटून पैसे घ्यायचा विचार असेल तर मात्र परवान्यांचं सगळं प्रकरण सुरू होतं, त्या वाटेला जाऊ नका. आणि काही झालं तरी जामाची वायर कापू नका. ती शाबूत असली की उद्या खरा बोर्ड सापडला तर दोन मिनिटांत बसेल.

शेवटी घाईचं काय ते सांगतो, कारण ‘पुढच्या वर्षी करीन’ असे मेसेज बरेच आलेत. बटणं पुढच्या वर्षीही मिळतील, सप्लायही मिळेल, प्लाय तर मिळेलच. ट्यूबची माणसं मिळतील का, हा प्रश्न आहे. एकेकाळी आपल्या शेजारीच, पैठण तालुक्यातल्या चितेगावला, व्हिडिओकॉनचे रंगीत टीव्ही बनायचे. मराठवाड्यातल्या गावागावांत ते दुरुस्त करणारा कुणीतरी होता. ती कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, ट्यूबचे टीव्ही तर त्याच्या आधीच बाजारातून गेले, आणि दुरुस्त करणारे आता साठीत आहेत. चाचा फक्त सकाळी दहा ते बारा सोल्डरिंगला बसतात, त्यानंतर बारीक दिसत नाही म्हणतात. मुलाला हे काम येत नाही, आणि त्यानं शिकावं असं त्यांनाही वाटत नाही. त्यात पैसा नाही, हे दोघांनाही कळतं.

मग मी एका सकाळी फोन स्टँडला लावला आणि चाचांना आमच्याच टीव्हीचं सर्किट सुरुवातीपासून समजावून सांगायला लावलं. कुठला भाग गेला की पडद्यावर काय दिसतं: आडवी रेघ, उभी रेघ, नुसता निळा, कडेनं आत ओढलेलं चित्र. चाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग झालं, मध्ये दोनदा चहा आणि एकदा मोबाइलचं गिऱ्हाईक. त्यांच्या परवानगीनं ते पुढच्या भागात पूर्ण टाकतोय, एकही सेकंद न कापता. हेडफोन लावून ऐका, मागं रस्त्याचा आवाज बराच आहे.